तिची गोष्ट, तिच्या नावानिशी

मंडळी, नमस्कार.

१८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये एक निबंध छापून आला. विषय होता मांग-महारांचं दुःख. लिहिणारी होती जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी मुक्ता साळवे, अवघ्या चौदा वर्षांची. ते पत्र अमेरिकन मिशनरी चालवत, हे आपल्याला इथे अमेरिकेत बसून आठवायला हवं. निबंध तिच्या नावानं छापला गेला, म्हणून आज तो तिचा म्हणून वाचता येतो. तिच्या वस्तीतल्या बाकीच्या बायका काय बोलत असतील, ते कुणी टिपलं नाही. ते गेलं.

म्हणूनच मला हेमा राईरकर आणि गी पॉयतवाँ यांचं काम फार मोठं वाटतं. पहाटे जात्यावर बसून बायका ज्या ओव्या गात, त्या या दोघांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून गोळा केल्या. हजारावर गावं, तीन हजारांवर गाणाऱ्या, एक लाखाहून जास्त ओव्या! त्यात सीतेचा वनवास आहे, माहेरची ओढ आहे, भावजयीचा राग आहे, बाबासाहेबांचा अभिमान आहे. घरात ज्या सुनेला मोठ्यानं बोलायची मुभा नव्हती, ती जात्याशी मात्र मनातलं सगळं बोलत होती. गावात पिठाची गिरणी आली, कष्ट वाचले, ते चांगलंच झालं. पण त्याबरोबर ती बोलायची जागाही गेली. २०१७पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर या ओव्या ऐकायला मिळतात. तिथे प्रत्येक गाणाऱ्या बाईचं नाव असतं, गाव असतं. ‘लोकगीत, कवी अज्ञात’ असं लिहून मोकळं होता आलं असतं. ते त्यांनी केलं नाही, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

आता आपल्याकडे बघू. मंडळाच्या जुन्या स्मरणिकांत नाटकं, स्पर्धा, अध्यक्षांची मनोगतं सगळं आहे. गणपतीच्या महाप्रसादाचा स्वयंपाक वर्षानुवर्षं ज्यांनी केला, त्यांचा उल्लेख मात्र ‘महिला वर्ग’ एवढाच. नवऱ्याच्या कामाच्या व्हिसामुळे मिळणाऱ्या एच-४ व्हिसावर आलेल्या बायकोला २०१५पर्यंत इथे नोकरीची परवानगी नव्हती; नंतरही ती सगळ्यांना मिळाली नाही. शिकलेल्या, भारतात नोकरी केलेल्या बायकांनी ती वर्षं कशी काढली, हे आपण कधी विचारलंच नाही. तो आपल्या इथल्या समाजाचा इतिहास आहे.

तो आपण ध्वनिमुद्रित करू या. मराठी शाळेतली मोठी मुलं फोनवर सहज रेकॉर्ड करतील. त्यांना एवढंच सांगायचं, ‘अनुभव सांगा’ म्हणू नका. पहिल्या हिवाळ्यात काय घातलं, आईला पत्रात काय लिहायचं टाळलं, स्वतःच्या कमाईतून पहिलं काय घेतलं, असं विचारा. त्या वेळी घरातल्या इतरांनी शेजारी बसू नये. एखादी तारीख चुकली तर चुकू दे, वाक्य तिचं राहू दे. झालं की तिला आधी ऐकवायचं. ‘एवढं काढ’ म्हणाली, तर काढायचं. आणि खाली तिचं स्वतःचं नाव लिहायचं, ती सांगेल तसं, माहेरचं की सासरचं तेही तिनंच ठरवायचं.

सुरुवात ज्येष्ठ सभासदांपासून करायची आहे. काकू, मावशी, तुमच्यातल्या बऱ्याच जणी आज समोरच बसल्या आहात. कोजागिरीच्या आधी मुलं तुम्हाला फोन करतील. ‘माझ्याकडे काय सांगण्यासारखं आहे’ असं म्हणून कृपया त्यांना परत पाठवू नका.