सात हजार कमानी, खड्डा एकही नाही

२००५ च्या फेब्रुवारीत आम्ही न्यू जर्सीत राहत होतो. रविवारी गाडीने न्यूयॉर्कला गेलो, ५९व्या रस्त्याच्या बाजूने सेंट्रल पार्कात शिरलो, आणि पहिली कमान दिसताच बायको म्हणाली, "अहो, हा तर मांडव!"

चुकलं नव्हतं तिचं. दोन उभे खांब, वर आडवी पट्टी, तिच्यावरून लोंबणारं चुण्यांचं नायलॉन. उंची सोळा फूट. हे उभारणारे रंगाला केशर म्हणत. पण आपण दुधात घालतो ते केशर काही असं दिसत नाही. वारीतल्या नव्या कोऱ्या पताकेच्या जवळ जाणारा रंग तो. आता अशी एक कमान म्हणजे मांडव, मान्य. पण ७,५०३? पार्कातल्या सदतीस किलोमीटर पायवाटांवर?

ही ख्रिस्तो आणि जाँ-क्लोद या कलावंत जोडप्याची 'द गेट्स' नावाची कलाकृती. दोघांचा जन्म एकाच दिवशीचा, १३ जून १९३५. तो बल्गेरियात, ती मोरोक्कोत.

आपल्याकडे मांडव म्हटला की पहार आली, रस्त्यात खड्डे आले, आणि नंतर ते बुजवायचे कोणी यावरून भांडण आलं. मी सवयीने खाली पाहिलं. खांब जमिनीत गेलेलाच नव्हता! जड पोलादी ठोकळा वाटेवर नुसता ठेवलेला, खांब त्यात बसवलेला. असं सुमारे पाच हजार टन पोलाद त्या बागेत होतं, निव्वळ वजनासाठी.

याचं मूळ एका नकारात आहे. १९७९ मध्ये त्यांनी ही कल्पना मांडली, तेव्हा खांब जमिनीत पुरायचे होते. १९८१ मध्ये उद्यान खात्याने जाडजूड अहवाल लिहून नाही म्हटलं. कलावंताला अडवणारा अधिकारी म्हणजे अरसिक, असं आपण चटकन ठरवतो. मला वाटतं, त्या नकाराने कामाचं भलंच झालं. खड्डे गेले, कमानी कमी झाल्या, आणि पानगळलेला महिना निवडला, म्हणून तो रंग उघड्या फांद्यांमधून लांबपर्यंत दिसला. होकार आला २००३ मध्ये. प्रदर्शन सोळा दिवसांचं, १२ ते २७ फेब्रुवारी.

पैशांचंही सांगतो. स्वतःची रेखाटनं विकून त्यांनी खर्च उभा केला; त्यांच्याच सांगण्याप्रमाणे दोन कोटी दहा लाख डॉलर. तिकीट नाही, प्रायोजक नाही. कापडावर एकही जाहिरात नाही, आणि मंडळांच्या कमानी बघत वाढलेल्या माणसाला हे फारच चुकल्याचुकल्यासारखं वाटतं!

सगळ्यात लक्षात राहिली ती एक कामगार बाई. वाऱ्याने कापड उडून आडव्या पट्टीला गुंडाळलं जायचं. हिच्या हातात लांब काठी, काठीच्या टोकाला टेनिसचा चेंडू, कापड फाटू नये म्हणून. घरात जळमटं काढतो तशी मान मागे टाकून ती चेंडूने कापड ढकलत होती. तिसऱ्या प्रयत्नात ते सळसळत खाली आलं. खाली थांबलेल्या दहा-बारा जणांनी टाळ्या वाजवल्या. तिने वाकून नमस्कार केला आणि पुढच्या कमानीकडे गेली.

हे कामगार कापडाचे छोटे तुकडे फुकट वाटत होते. कमानी उतरल्यावर सामान पुनर्वापराला गेलं. माझा तुकडा मात्र राहिला. हा बघा. पहिल्या रांगेपासून मागे जाऊ द्या, हात लावून बघा. परत तेवढा आठवणीने आणा. घरी हिशेब द्यावा लागतो.