करड्या सुटातली माणसं

नमस्कार मंडळी, आज भिंतीवरच्या एका तड्यापासून सुरुवात करते. १९५५ साली स्लोन विल्सनची 'द मॅन इन द ग्रे फ्लॅनेल सूट' ही कादंबरी आली, त्यातल्या टॉम रॅथच्या घरात हा तडा आहे. बायकोने, बेट्सीने, ४० डॉलरची काचेची फुलदाणी आणली, घरात पैशांची ओढाताण, त्यावरून जोरात भांडण झालं आणि टॉमने फुलदाणी भिंतीवर भिरकावली. तडा गेला तो नेमका प्रश्नचिन्हासारखा, आणि बुजवला तरी दिसतच राहिला.

हा टॉम महायुद्धात पॅराट्रूपर होता. १७ माणसं मारलीत त्याने, त्यात चुकून स्वतःचा जिवलग मित्रसुद्धा. आता कनेक्टिकटहून रोज ट्रेनने न्यूयॉर्कला ऑफिसात जातो, सगळ्यांसारखाच करडा सूट घालून. नव्या नोकरीच्या अर्जात त्याला सांगतात, तासाभरात स्वतःबद्दल लिहा, आणि शेवटी 'माझ्याबद्दलची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे...' हे वाक्य पूर्ण करा. तो बसतो, युद्ध आठवतं, ते सगळं डोक्यात घोळत राहतं, आणि कागदावर काय उतरतं, तर मी तुमच्या कंपनीत अर्ज करतोय हीच ती गोष्ट! हे वाचताना मला अक्षरशः गलबलून आलं.

म्हणजे बघा, विमानातून उडी मारताना न कचरलेला हा माणूस, पण साहेबांचं भाषण फसलंय हे साहेबांना सांगायचं म्हटलं की गडबडतो, त्यांना काय ऐकायचंय त्याचाच अंदाज घेत बसतो. शेवटी बेट्सी त्याला झापते तेव्हा कुठे खरं बोलतो. पुढे मोठी बढतीही नाकारतो, मला घरासाठी वेळ हवाय म्हणतो, आणि साहेब समजून घेतात. हा शेवट मला जरा सोपा वाटतो, इतके समजूतदार साहेब कुणाला मिळतात?

म्हणून रिचर्ड येट्सची १९६१ची 'रेव्होल्यूशनरी रोड' मला जास्त खरी वाटते. त्यातला फ्रँक व्हीलर ज्या कंपनीला नावं ठेवतो त्याच कंपनीत त्याच्या वडिलांचंही आयुष्य गेलेलं. एप्रिल, त्याची बायको, म्हणते चल पॅरिसला, मी कमावते, तू शांतपणे ठरव तुला काय करायचंय. इतकं कोण कुणासाठी करतं हो! पण तेवढ्यात बढतीची ऑफर येते, एप्रिलला दिवस जातात, आणि फ्रँक मनातून सुटल्यासारखा होतो, कारण कुरकुर करणं त्याला जमत होतं, निघणं नाही.

आणि ती शेवटची सकाळ. रात्री कडाक्याचं भांडण झालेलं, तरी एप्रिल त्याला शांतपणे नाश्ता देते, नव्या कामाबद्दल विचारते. तो खुलतो, कागदी नॅपकिनवर पेन्सिलीने कम्प्युटर कसा चालतो ते काढून दाखवतो, आणि खुशीत स्टेशनकडे जातो. ती घरी एकटी उरते, आणि काय करायचं ते तिचं आधीच ठरलेलं असतं.