झाकण: एका जुन्या बागट्रॅक्टरच्या हेडची गोष्ट

(दृश्य: गॅरेज. पिवळा-पांढरा जुना ट्रॅक्टर, बॉनेट वर. दाराबाहेर बर्फाचा पहिला पातळ थर.)

हा आवाज नीट ऐका. इंजिन चालतंय, पण प्रत्येक फटक्यामागे एक बारीक 'फुस्स' येतोय. हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, आणि ब्लॉक, म्हणजे खालचा सिलिंडरचा ठोकळा, जिथे मिळतात तिथल्या फटीतून जळता वायू बाहेर पडतोय. दोन बोल्टांच्या मधे ही काळी तेलकट रेघ दिसते ना, ती त्याचीच खूण.

ट्रॅक्टर आहे कब कॅडेट 124. इंटरनॅशनल हार्वेस्टरनं 1961 साली ही छोट्या ट्रॅक्टरांची मालिका अमेरिकेत केंटकीतल्या लुईव्हिलच्या कारखान्यात सुरू केली. त्यातलं 124 हे मॉडेल 1967 ते 1969 या काळातलं. आत कोहलरचं के-301 इंजिन आहे. एकच सिलिंडर, 476 सीसी, 12 हॉर्सपॉवर, हवेनं थंड होणारं. आपल्याकडे कोहलर म्हटलं की नळ आणि बेसिन आठवतात. हे इंजिन बनवणारी कंपनी तीच. 1873 साली विस्कॉन्सिनमध्ये ओतकाम करत सुरू झाली, आणि 1920 पासून इंजिनंही करू लागली. मी राहतो तिथून कोहलर गाव गाडीनं तासाभरावर आहे. म्हणजे हे इंजिन पन्नासहून अधिक वर्षं फिरून पुन्हा आपल्या गावाजवळच आलं. मला याचं फार अप्रूप वाटतं.

(दृश्य: हेड उचललं जातं. खाली पिस्टन आणि शेजारी दोन व्हॉल्व्ह.)

मोटारीचं हेड पाहिलेल्यांना इथे धक्का बसेल. हेडमध्ये काहीच नाही. रॉकर नाही, स्प्रिंग नाही, व्हॉल्व्हही नाही. दोन्ही व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये, सिलिंडरच्या शेजारी तोंड वर करून बसलेत. म्हणून याला साइड व्हॉल्व्ह किंवा फ्लॅटहेड म्हणतात. हेड म्हणजे ॲल्युमिनियमचं एक झाकण. वर थंड होण्यासाठी फिन, म्हणजे उभ्या पातळ पट्ट्या, मधे प्लगचं भोक, आणि खालच्या अंगाला पिस्टनपासून व्हॉल्व्हपर्यंत पसरलेला एक उथळ खळगा.

पण झाकणाला कमी लेखू नका. पूर्ण वेगात, मिनिटाला 3600 फेऱ्यांवर, सिलिंडरमध्ये सेकंदाला 30 स्फोट होतात. बोअरचं, म्हणजे सिलिंडरच्या भोकाचं, क्षेत्रफळ सुमारे 9 चौरस इंच. दर चौरस इंचाला 300 पौंड दाब धरला, तरी प्रत्येक स्फोट या झाकणाला बाराशे किलोच्या जोरानं वर ढकलतो. आणि त्याला धरून ठेवतात ते मोजके बोल्ट आणि मधलं एक पातळ गॅसकेट, म्हणजे फट बंद करणारा चपटा थर.

(दृश्य: फिनच्या फटीतून सुकलं गवत आणि कापसासारखे पुंजके निघतात.)

हे उंदराचं घरटं. हवेनं थंड होणाऱ्या इंजिनाच्या फिनमध्ये उंदीर हिवाळ्यात हमखास घर करतात. वरून पत्र्याचं आवरण असतं, त्यामुळे वर्षानुवर्षं कुणाला कळत नाही. हवा अडली की ती बाजू जास्त तापते, आणि तापलेलं ॲल्युमिनियम वाकतं. त्यात आधीच्या कुणी मालकानं बोल्ट एका टोकापासून ओळीनं आवळलेले दिसतात. काही हातानं सुटावेत इतके सैल होते, तर काहींवर पान्याला पाइप लावावा लागला.

खळग्यातली काजळी लाकडी पट्टीनं खरवडली. स्क्रू-ड्रायव्हर इथे चालत नाही, मऊ धातूवर ओरखडा उठतो. कोरडी खरवडू नका, तेलात भिजवून पुसा आणि तोंडावर मास्क ठेवा. या वयाच्या इंजिनानं शिसं असलेलं पेट्रोल वर्षानुवर्षं जाळलेलं असतं. काजळीतल्या त्या राखाडी थरात ते शिसं उतरलेलं असू शकतं.

(दृश्य: टेबलावर जाड काच. हेड पालथं ठेवलेलं. फोनच्या पडद्यावर बाबा.)

आता खरं काम. आमच्याकडे शनिवारची रात्र, तर पुण्यात रविवारची सकाळ. बाबांनी आयुष्य एसटीच्या दापोडीच्या वर्कशॉपमध्ये घालवलं. तिथली हेडं बसची, दोन माणसांनी उचलायची. माझं हेड फोनवर पाहून ते आधी हसले, मग म्हणाले, "आकारावर जाऊ नकोस. आधी ते सपाट आहे का बघ."

हेड काचेवर पालथं ठेवायचं आणि कडेनं फीलर गेजची, म्हणजे ठरावीक जाडीची, पाती सरकवून बघायची. इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाऊ. तीन थाऊंपर्यंत चालतं, म्हणजे साधारण केसाच्या जाडीइतकं. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बाजूला माझी पाच थाऊंची पाती सहज आत गेली. घरटंही नेमकं त्याच बाजूला होतं.

मग काचेवर पॉलिश पेपर चिकटवला, वर थोडं तेल टाकलं, आणि हेड इंग्रजी आठाच्या आकारात फिरवत राहिलो. दाब द्यायचा नाही, हेडचं वजन पुरतं. थोड्या वेळानं उलटून बघितलं. उंच भाग चकाकू लागतात, खोलगट तसेच मळके राहतात. हेड कुठे वाकलंय त्याचा नकाशाच समोर येतो. दर थोड्या फेऱ्यांनी हेड वळवून धरायचं, नाहीतर आपल्या हाताचा कल धातूत उतरतो. मला दीड तास लागला. बाबा बराच वेळ फोनवर होते. मधे चहा घेऊन आले, आणि एकदा म्हणाले, "आता थांब. सगळीकडे एकसारखं दिसलं की थांबायचं, जास्त खाल्लंस तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, वाढतं."

हेड उघडंच होतं, म्हणून व्हॉल्व्ह घासून घेतले आणि टॅपेटचं, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला उचलणाऱ्या दांड्यातलं, अंतरही जुळवलं. इनटेकला 8 ते 10 थाऊ, एक्झॉस्टला 17 ते 20. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जास्त तापतो आणि जास्त लांब होतो, म्हणून त्याला जागाही जास्त.

(दृश्य: नवं गॅसकेट ब्लॉकवर. बोल्ट एकेक करून हातानं बसतात.)

गॅसकेट नवंच हवं. जुनं एकदा दबलं की पुन्हा उसळत नाही. त्याला कसलंही सोल्युशन लावायचं नाही, कोरडंच बसवायचं. दोन्ही पृष्ठभाग मात्र तेलाच्या थेंबाशिवाय हवेत. बोल्टांचे आटे तारेच्या ब्रशनं साफ केले. आट्यात गंज असला तर पान्याचा बराच जोर घर्षणातच जातो. आकडा पुरा दिसतो आणि गॅसकेटपर्यंत काहीच पोचत नाही.

सगळे बोल्ट आधी बोटांनी. मग टॉर्क पाना, म्हणजे ठरवलेला जोर लागला की क्लिक करणारा पाना. या इंजिनाला 25 ते 30 फूट-पौंड लागतात, न्यूटन-मीटरमध्ये 34 ते 41. ते एका दमात द्यायचे नाहीत. पहिली फेरी 10 ची, दुसरी 20 ची, तिसरी 28 ची. क्रम मधून बाहेर, समोरासमोर. एका बाजूनं आवळत गेलात तर हेड आधी तिथे टेकतं आणि दुसऱ्या बाजूला उचलतं, मग गॅसकेट सगळीकडे सारखं दबत नाही.

मी बाबांना विचारलं, "तुमच्या हाताला तर कळत असेल ना, पाना कशाला?" ते म्हणाले, "हाताला कळतं म्हणणाऱ्यांची हेडं आठवड्यात परत माझ्याकडे यायची." दापोडीत त्यांचा टॉर्क पाना पेटीत कधी पडून राहिला नाही, रोज वापरात असायचा.

(दृश्य: पत्र्याचं आवरण, प्लग, वायर.)

प्लगची फट 25 थाऊ. आवरणाचा प्रत्येक स्क्रू परत. बरेच लोक हा पत्रा अडगळ म्हणून काढून टाकतात. पंख्याची हवा फिनवरून वळवणारा तोच आहे, तो काढला तर हेड पुन्हा वाकणार.

(दृश्य: प्लगची वायर अजून सुटलेली. हात इंजिन उलट्या दिशेनं फिरवतो.)

या इंजिनाच्या कॅमशाफ्टवर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर, एक छोटी युक्ती आहे. सुरू करताना ती एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उचलून धरते, म्हणजे इंजिन हलकं फिरतं. त्यामुळे नेहमीचं कॉम्प्रेशन गेज इथे फसवतं. म्हणून इंजिन उलटं फिरवायचं, झटक्यात. हे बघा.

(दृश्य: इंजिन उसळून मागे येतं. क्षणभर शांतता.)

कॉम्प्रेशन आलं. हात मागे फेकला गेला ना, तो दाब.

(दृश्य: इंजिन सुरू होतं. फक्त टपटप.)

'फुस्स' गेलं. पण अजून एक काम आहे. ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. हेड ॲल्युमिनियमचं, ब्लॉक आणि बोल्ट लोखंड-पोलादाचे. पहिल्या तापण्यात हेड बोल्टांना ताणतं, गॅसकेट आणखी दबतं, आणि थंड झाल्यावर पकड किंचित ढिली पडते. अर्धा तास चालवून बंद केलं आणि रात्रभर तसंच ठेवलं.

(दृश्य: सकाळ. श्वासाची वाफ. टॉर्क पाना.)

त्याच क्रमानं, त्याच 28 वर. पहिला बोल्ट हलला नाही. दुसरा नाही. एक्झॉस्टच्या बाजूचे दोन हलले, घड्याळाच्या काट्याच्या पाच मिनिटांइतके. मग क्लिक.

बाहेर चार इंच बर्फ पडलाय. बर्फ ढकलायचं ब्लेड जोडतो.