निळ्या शहरातली न्याहारी

या चहात मीठ आहे. आधीच सांगून ठेवते, नाहीतर पहिल्याच घोटाला तोंड वाकडं होतं.

चीनच्या आंतर मंगोलियातल्या होहोतमधली सकाळ. विटेसारखा थापलेला चहा फोडून उकळायचा, त्यात दूध आणि मीठ. वाडग्यात वरईसारखं भाजलेलं धान्य, लोणी, सुकवलेल्या दह्याचे कडक तुकडे. धान्य तळाशी जाऊन मऊ पडायच्या आत चमच्यानं खायचं. दिवसभर घोड्यावर गुरांमागे फिरणाऱ्याची ही न्याहारी.

रस्त्यावर मात्र घोडा औषधालाही नाही. आंतर मंगोलियाची ही राजधानी. इथे मेट्रो धावते आणि वस्ती बहुतांश हान चिनी. गवताळ माळ बघायचा तर उत्तरेचा दाछिंग डोंगर ओलांडायचा. तिथेही पर्यटकांसाठी सिमेंटचे तंबू उभे! चीनच्या बड्या दूध कंपन्यांपैकी दोन मात्र इथल्याच. त्यातल्या 'मंगन्यू'चा अर्थच मंगोल गाय.

शहर वसवलं 16व्या शतकात अल्तान खानानं. खोख खोत, म्हणजे निळं शहर. 1578 मध्ये त्यानंच तिबेटी लामा सोनम ग्यात्सो यांना 'दलाई' म्हटलं. आपण तिबेटी समजतो तो शब्द मंगोल आहे, अर्थ, समुद्र. त्याच काळातल्या दाझाओ मंदिरात चांदीचा बुद्ध आहे. मला मात्र थांबवलं पाच शिखरांच्या मंदिरानं. 1732 मध्ये पुरं झालेलं, घडण बोधगयेच्या धर्तीची. मागच्या भिंतीवर दगडात कोरलेला ताऱ्यांचा नकाशा, त्यावरची अक्षरं मंगोलियन.

ही लिपी वरून खाली उतरते. दुकानांच्या आडव्या पाट्यांवर एकेक शब्द चिनी अक्षरांशेजारी उभा केलेला असतो, जरा अंग चोरून. 2020 मध्ये शाळांतले काही विषय मंगोलियनऐवजी चिनीत शिकवायचं ठरलं, तेव्हा अनेक पालकांनी मुलांना घरीच ठेवलं होतं.

दुपारी शाओमाई. मोदकासारखी पातळ पारी, आत मटण आणि कांद्याची पात. मागायची वजनावर. एक लियांग म्हणजे 50 ग्रॅम. एवढ्यानं काय होणार, म्हणून मी दोन सांगितले. पण वजन धरतात ते फक्त पारीच्या पिठाचं. मटण हिशेबातच नाही. समोर सोळा नग आले. शेजारच्या आजोबांनी एकवार माझ्याकडे पाहिलं आणि न बोलता चहाची किटली माझ्या बाजूला सरकवली.