कर्नलमधला 'र' आला कुठून?

नमस्कार श्रोतेहो. हाताशी कागद असेल तर एक शब्द लिहून बघा. कर्नल. मराठीत काहीच अडचण नाही, जसा ऐकला तसा लिहिला. आता तोच इंग्रजीत लिहा. सी, ओ, एल, ओ, एन, ई, एल. सात अक्षरं झाली, पण त्यांत 'आर' औषधालाही नाही! मग आपण इतक्या ठसक्यात उच्चारतो तो 'र' आला कुठून?

याचं मूळ आहे लॅटिनमधल्या 'कोलुम्ना' या शब्दात. कोलुम्ना म्हणजे खांब. वर्तमानपत्रातला कॉलम त्याच घराण्यातला, आणि मराठीनंही त्याला 'स्तंभ' म्हणून खांबाशीच नेऊन बांधलं आहे. इटालियन भाषेत या खांबाचा झाला 'कोलोन्ना'. सैनिकांची लांब रांगही खांबासारखीच दिसते, म्हणून अशा तुकडीच्या नायकाला नाव पडलं 'कोलोनेल्लो'.

हा शब्द फ्रेंचांकडे गेला आणि तिथे त्यांची जीभ अडखळली. एका शब्दात दोन-दोन 'ल' कोण सांभाळणार? त्यांनी पहिल्या 'ल'चा 'र' करून टाकला : 'कोरोनेल'. स्पॅनिशमध्ये आजही कोरोनेलच म्हणतात. त्यात 'कोरोना' म्हणजे मुकुट, त्यामुळे हा राजाच्या मुकुटाचा माणूस, असाही समज पसरला. तो चुकीचा, पण चुकायला सोपा.

फ्रेंचांना हसू नका हं. आपणही नेमकं हेच केलं आहे. संस्कृतातलं 'लांगल' घ्या. दोन 'ल' जड झाले आणि मराठीत त्याचा 'नांगर' झाला. 'ललाट' म्हणजे कपाळ. त्यातल्याही एका 'ल'चा प्राकृतात 'ण' झाला, 'णिडाल', आणि त्यातून आला आपला 'निढळ'. निढळाचा घाम म्हणजे शब्दशः कपाळावरचा घाम. सारखे दोन ध्वनी जवळ आले की जीभ त्यातला एक बदलून टाकते. भाषाशास्त्रात याला विषमीकरण म्हणतात.

तर इंग्रजांनी सोळाव्या शतकात फ्रेंचांकडून शब्द घेतला तो 'र'सकट, आणि लिहायचेही तसंच. पुढे इटालियन युद्धशास्त्राच्या पुस्तकांची भाषांतरं होऊ लागली. भाषांतर करणाऱ्यांना मूळ रूप जास्त शुद्ध वाटलं असावं, कारण कागदावर 'ल' परत आला. काही काळ दोन्ही रूपं नांदली. शेवटी लिहिण्यात इटली जिंकली आणि बोलण्यात फ्रान्स! मधला 'ओ' बोलताना गळून पडला, उच्चाराच्या तीन तुकड्यांचा शब्द दोनावर आला. फ्रेंचांनी मात्र नंतर स्वतःचंच मत बदललं. आज ते 'कोलोनेल' म्हणतात.

बियांमधल्या गराला इंग्रजीत जो शब्द आहे, के, ई, आर, एन, ई, एल, तोही अगदी असाच ऐकू येतो. त्याचा सैन्याशी काडीचा संबंध नाही, तो धान्याच्या दाण्यावरून आला. संगणकवाले त्यांच्या प्रणालीच्या गाभ्याला जे नाव देतात, ते हेच.

आणि तो 'र'? अमेरिकेत तो ठणठणीत आहे. लंडनकडच्या बोलण्यात मात्र स्वरानंतरचा 'र' विरून जातो, म्हणून तिथे ऐकू येतं 'कऽनल'. इटलीचा 'ल' बोलण्यातून गेला, तिथे फ्रान्सचा 'र'ही गेला. आपला 'कर्नल' मात्र 'र'सकट शाबूत आहे.