१३ महिन्यांची कैद, १८ वर्षांचं राजकारण

जानेवारी २००८. अमेरिकेतल्या फ्लोरिडात काही तरुण मुलींना एफबीआयचं पत्र येतं. मजकूर साधारण असा: तुमच्या प्रकरणाचा तपास चालू आहे, वेळ लागेल, धीर धरा.

तपास कसला डोंबलाचा! आरोपीशी लेखी करार होऊन तीन महिने उलटून गेले होते.

नमस्कार मंडळी. आरोपी होता जेफ्री एपस्टीन, अल्पवयीन मुलींच्या लैंगिक शोषणाचा आरोप असलेला धनाढ्य माणूस. त्याचं बेट, त्याचं विमान, कोणाचा फोटो कोणाबरोबर, हे तुम्ही भरपूर ऐकलंय. ते आज बाजूला ठेवू. मला बोलायचंय त्या कराराबद्दल, कारण पुढचा बराचसा राजकीय धुरळा तिथूनच उठलाय.

२००५ मध्ये पाम बीच पोलिसांकडे एका चौदा वर्षांच्या मुलीच्या घरून तक्रार आली. पोलीस खणत गेले, तशा एकीमागून एक मुली सापडत गेल्या, बऱ्याचशा शाळकरी वयाच्या. पण स्थानिक सरकारी वकिलांनी प्रकरण इतकं पातळ केलं की पोलीसप्रमुख मायकेल रायटर यांनी त्यांना लेखी कळवलं, तुम्ही यातून बाजूला व्हायचा विचार करा. आणि मग ते प्रकरण एफबीआयकडे घेऊन गेले. पोलिसाने सरकारी वकिलाला असं पत्र लिहिणं, हे रोज घडत नाही हो!

केंद्रीय वकिलांच्या कचेरीत ५३ पानी आरोपपत्राचा मसुदा तयार झाला. समोर एपस्टीनची वकिलांची फौज. त्यात बिल क्लिंटन यांची चौकशी करणारे केनेथ स्टार होते, ॲलन डर्शोविट्झ होते. आणि २४ सप्टेंबर २००७ ला केंद्रीय सरकारी वकील अलेक्झांडर अकोस्टा यांच्या कचेरीने करार केला. केंद्राचा खटला नाही. त्याऐवजी राज्याच्या न्यायालयात दोन गुन्ह्यांची कबुली, शिक्षा १८ महिने.

आत राहिला जेमतेम १३ महिने. तेही कसं? आठवड्यातले सहा दिवस, दिवसाला बारा तासांपर्यंत ऑफिसला जायची मुभा. आपल्याकडे नाइट ड्युटीवाला यापेक्षा जास्त वेळ अडकून असतो.

पण मला ही सवलत तितकी खुपत नाही, जितकं करारातलं एक वाक्य खुपतं. चार साथीदारांना नाव घेऊन अभय, आणि शिवाय 'इतर कोणीही संभाव्य साथीदार' असतील तर त्यांनाही. आपल्याकडे माफीचा साक्षीदार असतो, त्याला माफी मिळते ती तोंड उघडण्याच्या बदल्यात. इथे कोणी तोंड उघडायची गरजच ठेवली नाही. हे इतर कोण, हा प्रश्न तेव्हापासून लोंबकळतोय.

आता राजकारण. २०१७ मध्ये हेच अकोस्टा ट्रम्प यांचे कामगारमंत्री झाले. बालमजुरी आणि वेठबिगारीविरुद्ध काम करणारं खातं! सिनेटमध्ये कराराचा विषय निघाला, आणि ६० विरुद्ध ३८ मतांनी ते पारही झाले. नोव्हेंबर २०१८ मध्ये 'मायामी हेरल्ड'च्या ज्युली ब्राउन यांनी पीडितांना बोलतं केलं. ६ जुलै २०१९ ला एपस्टीनला न्यूयॉर्कच्या खटल्यात अटक झाली, १२ जुलैला अकोस्टांनी राजीनामा जाहीर केला. सहा दिवस. पुढच्या वर्षी न्याय खात्याच्या चौकशीने म्हटलं, गैरवर्तन नव्हे, पण निर्णय चुकीचा. म्हणजे आपल्या भाषेत, हात वर.

तिकडे एपस्टीन ऑगस्ट २०१९ मध्येच कोठडीत मेला होता. २००७ मध्ये खटला उभा राहिला असता तर साक्षी झाल्या असत्या, उलटतपासणी झाली असती, कोण गुंतलं होतं आणि कोणाचं नाव उगाच घेतलं जातंय हे तरी कळलं असतं. ते झालं नाही, म्हणून झाकली मूठ सव्वा लाखाची. ट्रम्प यांच्या माणसांनी ती उघडायची आश्वासनं दिली. जुलै २०२५ मध्ये त्यांच्याच न्याय खात्याने सांगितलं, एपस्टीनच्या बड्या ग्राहकांची जी यादी म्हणतात, तसं वगैरे काही नाही. त्यांचेच समर्थक खवळले. नोव्हेंबरमध्ये कागदपत्रं खुली करण्याचा कायदा प्रतिनिधिगृहात ४२७ विरुद्ध १ मतांनी मंजूर झाला. तिकडे ब्रिटनने वॉशिंग्टनमधले आपले राजदूत पीटर मँडेलसन यांना काढलं. २००८ मध्ये लवकर सुटकेसाठी लढ, असा धीर त्यांनी एपस्टीनला दिला होता, ते ईमेल बाहेर आले.

आणि त्या पत्रवाल्या मुली? त्यांच्यातल्या काही कोर्टात गेल्या. करार लपवून सरकारने पीडितांच्या हक्कांचा कायदा मोडला, असं फेब्रुवारी २०१९ मध्ये न्यायाधीश केनेथ मारा म्हणाले. मग प्रकरण अपिलात गेलं. २०२१ मध्ये तिथल्या बहुमताने सांगितलं, त्या कायद्याखाली असा दावा आरोपपत्र दाखल झाल्याशिवाय करता येत नाही, आणि इथे केंद्राचं आरोपपत्रच नव्हतं.

का नव्हतं? करार झाला होता ना!