नाण्यावरचे साल आणि नाण्याचे वय

श्रोतेहो, नमस्कार.

जुन्या पेटीच्या तळाशी एखादे परदेशी नाणे सापडले की घरातले सर्वजण ते उजेडात धरून आधी साल शोधतात, आणि साल सापडले की शोध संपला असे मानतात. नाण्यांच्या अभ्यासात खरे काम त्यानंतर सुरू होते. आज माझ्यासमोर टेबलावर तीन नाणी आहेत, त्यांच्याच आधाराने मी बोलणार आहे.

पहिले नाणे चांदीचे, चांगले तळहातभर, वजनाला 28 ग्रॅमच्या किंचित वर. एका बाजूला डोक्यावर वस्त्र घेतलेली प्रौढ स्त्री, दुसऱ्या बाजूला दोन डोक्यांचा गरुड, आणि स्पष्ट आकड्यांत साल 1780. हा ऑस्ट्रियाच्या मारिया तेरेझा राणीचा थेलर. राणी त्याच वर्षी वारली. पण येमेन आणि इथिओपियाकडील व्यापारी हाच चेहरा आणि हेच साल असलेले नाणे विश्वासाने घेत असल्यामुळे पुढे दीडशेहून अधिक वर्षे ते तसेच्या तसे पाडले जात राहिले. व्हिएन्ना, रोम, लंडन, पॅरिस येथील टांकसाळींबरोबर आपल्या मुंबईच्या टांकसाळीतही दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1940 आणि 1941 साली, हे थेलर पाडले गेले. तेव्हा या नाण्यावरचे साल वाचून काहीच ठरत नाही. राणीच्या खांद्यावरील पदकातले मोती, गरुडाच्या शेपटीतील पिसे आणि काठावरील उठावदार अक्षरे यांच्या घडणीत टांकसाळीगणिक जे बारीक फरक पडत गेले, ते भिंगाखाली ताडूनच नाण्याचे वय काढावे लागते.

दुसरे नाणे तुर्कस्तानचे. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या, त्यामुळे अशी नाणी आपल्याकडील सैनिकांच्या घरांत निघणे स्वाभाविक आहे. यावर अरबी आकड्यांत 1327 असते. हे आकडे डावीकडून उजवीकडेच वाचायचे. मात्र त्यांतला पाच आपल्या शून्यासारखा गोल असतो आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका, हे विसरू नये. हे 1327 सुलतान पाचवा महंमद गादीवर बसला ते हिजरी साल होय, नाणे पाडल्याचे नव्हे. त्याच्या कारकिर्दीचे कितवे वर्ष, हा आकडा वेगळा दिलेला असतो. तो 6 असेल तर 1327 मध्ये पाचच मिळवायचे, कारण गादीवर बसल्याचे वर्ष पहिले धरलेले असते. आले 1332. यातून शेकडा तीन, म्हणजे 40, वजा करून 622 मिळवले की 1914 येते. हिजरी वर्ष चांद्रमासांचे आणि म्हणून सुमारे अकरा दिवसांनी आखूड असल्याने एका वर्षाचा मागे-पुढे फरक गृहीत धरावा.

तिसरे नाणे माझ्या विशेष जिव्हाळ्याचे आहे, कारण ते माझ्या आजीच्या पुतळीच्या माळेतले आहे. आज सराफाकडे मिळते ती पुतळी म्हणजे ठशातून काढलेली सोन्याची पातळ चकती. पण तिचे मूळ इटलीतील व्हेनिस शहराच्या डुकाट नाण्यात आहे. हे नाणे 1284 पासून 1797 मध्ये ते प्रजासत्ताक संपेपर्यंत जवळजवळ शुद्ध सोन्यात आणि साधारण साडेतीन ग्रॅम वजनात पाडले गेले. त्याच्यावर साल नसते. एका बाजूला संत मार्क उभे असून गुडघे टेकलेल्या डोजेच्या, म्हणजे तेथील प्रमुखाच्या, हाती ध्वज देत आहेत. दुसऱ्या बाजूला ताऱ्यांनी वेढलेला ख्रिस्त उभा आहे. काळ सांगते ते काठालगतचे डोजेचे संक्षिप्त नाव. लुदोविको मानिन हे नाव लागले तर 1789 ते 1797 एवढाच अवधी उरतो. अलविसे मोचेनिगो लागले तर मात्र थांबावे, कारण या नावाचे चार डोजे होऊन गेले, पहिला 1570 साली निवडला गेला आणि चौथा 1778 साली वारला. तेथे अक्षरांचे वळण आणि आकृतींची धाटणी पाहूनच निवड करावी लागते.

आजीच्या पुतळीवर मी हे नाव कितीतरी दिवस शोधले. अक्षरांच्या जागी तिथे नुसत्या उभ्या रेघा आहेत, संत मार्कांचा झगा पायघोळ नेसूसारखा दिसतो, आणि वजन मात्र जवळपास पुरे भरते. ही व्हेनिसची नव्हे. डुकाटला एवढी पत होती की आपल्या देशातही त्याच्या नकला होत असत, त्यांपैकी ही एक. ज्या कारागिराने हिचा ठसा कोरला त्याला लॅटिन अक्षरे वाचता येत नसावीत, म्हणून समोरच्या नाण्यावर जे दिसले ते त्याने रेघांनी उतरवले. अशा पुतळीला खोटी म्हणून बाजूला सारणे मला मान्य नाही. तिच्यावर डोजेचे नाव नसल्याने नेमके वर्ष मिळत नाही, परंतु व्हेनिसचे सोने आपल्या बाजारात किती ओळखीचे झाले होते, हे तिच्याइतके अस्सल डुकाटही सांगत नाही. कडी डाखताना तिचा वरचा काठ थोडा वितळला आहे. तो मी तसाच ठेवला आहे, आणि सोनाराने उजळून देतो म्हटले तेव्हा नको म्हणालो, कारण उरलेल्या रेघा त्या घासण्यात गेल्या असत्या.